प्रश्न परत वाचू का?

हर्षालीचा चेहरा मी पाहिलेला नाही. तिचा उजवा कोपर मात्र मी शंभर कोपरांतून ओळखीन. हाडकुळा, जरा खरखरीत, आणि त्याच्या वरच्या अंगाला बोटभर लांबीचा एक जुना व्रण. लहानपणी आंब्यावरून पडल्याचा, असं ती सांगायची. सिनेमातल्या आंधळ्या माणसांना समोरच्याचा चेहरा चाचपून बघायची फार हौस असते. मला ती कधी झाली नाही. माणूस कळायला कोपर पुरतो.

पनवेलच्या एका शाळेत मी बावीस वर्षं इतिहास शिकवला. माझी नजर चार वर्षांत हप्त्याहप्त्याने गेली. आधी शेवटच्या बाकावरची मुलं गेली, मग मधली, मग पहिल्या बाकावरची, आणि शेवटी हातातला खडू. नोकरी सोडून मी खारघरच्या आमच्या नवव्या मजल्यावर येऊन बसले आणि पुढची दोन वर्षं चहाच्या डब्याची जागा बदलली म्हणून सुधीरशी, म्हणजे माझ्या नवऱ्याशी, भांडत काढली. नाकावर राग आधीपासूनच होता, आता त्याला दिवसभर दुसरं काम उरलं नाही. बिचारा सुधीर ऑफिसातून मुद्दाम उशिरा यायला लागला असावा, पण त्याने ते कधी कबूल केलं नाही.

अशात नव्या पनवेलमधल्या एका वसतिगृहातून विचारणा झाली. तिथे अंध मुली राहून शिकतात. त्यांना इतिहास-भूगोल शिकवायला बाई हव्या होत्या, आणि त्या बाईंना स्वतःला दिसत नसेल तर उत्तमच, असं तिथल्या अधीक्षकबाई म्हणाल्या. अडचण एकच. संस्थेच्या नियमाप्रमाणे एम.ए. लागत होतं आणि मी तेव्हा बाहेरून एम.ए.च्या शेवटच्या वर्षाला बसलेली होते. एप्रिलमध्ये परीक्षा. त्या म्हणाल्या, जूनपर्यंत जागा धरून ठेवते, पुढचं माझ्या हातात नाही. दोन वर्षांनी कुणीतरी मला बाई म्हणून बोलावत होतं. ती जागा मला किती हवी होती हे मी सुधीरलाही सांगितलं नाही, पण त्या आठवड्यात मी चहाच्या डब्यावरून एकदाही भांडले नाही.

घोडं अडलं ते रायटरपाशी. ज्याला दिसत नाही त्याने उत्तर बोलायचं आणि रायटरने ते लिहायचं. हा रायटर आपल्यापेक्षा कमी शिकलेला लागतो, आणि मुख्य म्हणजे परीक्षेच्या दिवशी हजर राहणारा लागतो. माझे आधीचे पेपर लिहायला ओळखीतल्यांची मुलं यायची. त्यांतली एक ऐन पेपराच्या सकाळी लग्नाला निघून गेली होती. सुधीरने दोन-तीन कॉलेजांत चौकशी केली, तेव्हा एका शिपायाने त्याला नंबर दिला. ओवे गावातली पोरगी आहे म्हणाला, सांगितल्या वेळेच्या आधी येते.

आली ती खरोखरच दहा मिनिटं आधी. वय एकोणीस, कॉमर्सचं शेवटचं वर्ष. मी सवयीने हात पुढे केला, म्हणजे तिने धरून मला खोलीत न्यावं. तिने धरला नाही.

"बाई, मी तुमाला नाय धरणार. तुमी मला धरा. हितं, कोपराला."

मी जरा चिडूनच विचारलं, फरक काय पडतो?

"मी धरला तर मी तुमाला नेते. तुमी धरला तर तुमी येता."

बावीस वर्षं मुलांना अक्कल शिकवलेल्या बाईला एकोणीस वर्षांची मुलगी दारातच अक्कल शिकवते, हे मला अर्थातच आवडलं नाही. पण कोपर धरला. त्या दिवसापासून माझं चालणं सुधारलं, हे इथे नमूद करते.

डिसेंबरपासून ती रोज दुपारी मला पुस्तक वाचून दाखवायला येऊ लागली. पेपर लिहिणं वेगळं, वाचून दाखवणं वेगळं, त्याचं तिला काही बंधन नव्हतं. पण ज्याचा पेपर लिहायचा त्याची बोलायची ढब आधी कानात बसायला हवी, असं तिचं म्हणणं. तिचं वाचन हा एक प्रकारच होता. मलपृष्ठापासून सुरुवात. प्रकाशकाचा पत्ता, आवृत्ती कितवी, अर्पणपत्रिका, सगळं. मी म्हटलं, अगं, हे कशाला? तर म्हणाली, काय गाळायचं ते तुम्ही ठरवा, मी कोण ठरवणार? मग मी "गाळ" म्हटलं की ती गाळायची, तेही पुढच्या वेळी पुन्हा विचारून. रस्त्यावरही तेच. दुकानांच्या पाट्या, रिक्षामागची वाक्यं, भिंतीवरच्या वाढदिवसाच्या बॅनरवर कोणकोण भावी नगरसेवक आहेत त्यांची यादी, सगळं वाचत चालायची. खारघर किती विनोदी गाव आहे हे मला डोळे असताना कळलं नव्हतं.

तिच्या पिशवीत एकाच कंपनीची चार निळी पेनं असायची. कामाला बसण्याआधी चारही तळहातावर चालवून बघायची, म्हणून तिचा डावा हात कायम शाईने माखलेला असतो, असं सुधीर सांगायचा. डब्यात तांदळाची भाकरी आणि बऱ्याचदा सुक्या बोंबलाची चटणी. लिफ्टचं दार उघडलं की मला चटणी आधी कळायची आणि मग हर्षाली. आमच्या घरात तीन पिढ्यांत बोंबील शिजला नव्हता. जानेवारीत मी नुसती चव बघितली, फेब्रुवारीत सुधीरला एक घास दिला, आणि मार्चमध्ये तिची आई दोन डबे भरू लागली.

रायटर हवा असलेली मी एकटीच नव्हते. सगळ्या पनवेल-कळंबोलीतून तिला फोन यायचे, आणि एक मुलगी एका वेळी एकच पेपर लिहू शकते. मग तिने काय करावं? गावची क्रिकेटची टीम उचलली. कप्तान तिचा चुलतभाऊ प्रणय. तो म्हणाला, आम्हाला वेळ नाय. तर हिने विचारलं, उन्हात चार तास उभा राहतोस, पंख्याखाली चार तास बसायला काय झाला? पोरं आली. त्यांची अक्षरं म्हणजे कोंबडीचे पाय. म्हणून दर रविवारी सकाळी ओव्याच्या समाजमंदिरात सरावाचा वर्ग सुरू झाला. मला ती तिथे एकदा घेऊन गेली. बाहेर तीन पायऱ्या, मधली फुटकी, आत सतरंजीवर पंधरा-वीस पोरंपोरी.

तो वर्ग मी जन्मात विसरणार नाही. हर्षाली उभी राहून एकेक वाक्य सांगत होती आणि सगळे लिहीत होते. महाराष्ट्राची राजधानी नागपूर आहे. सूर्य पश्चिमेला उगवतो. पाणी शंभर अंशांवर गोठतं. मला वाटलं, पोरीचं डोकं फिरलं. मग वह्या तपासल्या गेल्या. ज्याने नागपूर लिहिलं तो पास, ज्याने मुंबई लिहिलं तो नापास. नापास झालेल्याने समाजमंदिर झाडायचं. तिचं तत्त्व साधं होतं, आपला शहाणपणा पायातल्या चपलांबरोबर बाहेर काढून ठेवायचा. सगळ्यांत जास्त वेळा झाडू प्रणयने मारला. राजधानी-बिजधानी तो बिनचूक चुकीची लिहायचा, पण क्रिकेटच्या संघात तेरा खेळाडू असतात हे वाक्य आलं की त्याचा हात ऐकायचा नाही. तीन रविवार त्याने अकराच लिहिलं आणि तीन रविवार झाडलं.

दुसरा नियम असा, की प्रत्येक उत्तर संपलं की रायटरने विचारायचं, "प्रश्न परत वाचू का?" उत्तर बरोबर असो की चूक, दर वेळी विचारायचं आणि दर वेळी एकाच आवाजात. आवाजात जरासुद्धा चढउतार झाला तरी तो इशारा ठरतो, आणि इशारा म्हणजे लबाडी. मला हा प्रश्न पहिल्या दिवसापासून छळायचा. सराव करताना मी वैतागून म्हणायचे, एकदा ऐकलाय ना मी, बहिरी नाही झाले अजून. ती "बरं बाई" म्हणायची आणि पुढच्या उत्तरानंतर पुन्हा विचारायची.

एप्रिल आला. पहिले तीन पेपर छान गेले. चौथा मराठे आणि इंग्रज यांच्या संबंधांचा, म्हणजे माझा हातखंडा. आम्हाला वेगळी खोली दिली होती, कोपऱ्यात एक पर्यवेक्षक बसलेले. हर्षालीने एकूण पानं तीन इथपासून पेपर वाचला. तिसरा प्रश्न तहावर होता, पार्श्वभूमी, कलमं आणि परिणाम. पंचवीस गुण. तह हा शब्द कानावर पडला आणि मी सुटलेच. वसईचा तह. दुसरा बाजीराव, पुण्यातून पळ, इंग्रजांची तैनाती फौज. बावीस वर्षांचा फळा माझ्यापुढे उभा राहिला आणि मी सहा पानं न थांबता बोलले. तिचं पेन माझ्या मागून पळत होतं. उत्तर संपलं.

"प्रश्न परत वाचू का?"

मी म्हटलं, नको, वेळ नाही, पुढे चल. ती पुढे गेली.

पेपर संपवून आम्ही रिक्षात बसलो. मी खुशीत होते. म्हटलं, काय जमला गं वसईचा तह, परीक्षकसुद्धा जपून ठेवेल. तिने एकही पाटी वाचली नाही. खारघरच्या उड्डाणपुलाजवळ आलो तेव्हा मला ते खटकलं आणि मी विचारलं, काय झालं?

"बाई, प्रश्न सालबाईच्या तहाचा होता."

सालबाईचा तह वसईच्या वीस वर्षं आधीचा, अगदी वेगळा. पंचवीस गुण गेले होते. त्यांच्याबरोबर जून गेला, मुली गेल्या, बाई ही हाक गेली. ती कॉमर्सची असली तरी तो धडा तिनेच मला सात-आठ वेळा वाचून दाखवला होता. मी विचारलं, लिहिताना तुला कळलं होतं? ती हो म्हणाली. मग मी जे बोलले ते लिहायची लाज वाटते, पण लिहिते. मी म्हटलं, तुझं काय जातंय? तुला दोन डोळे आहेत.

सोसायटीच्या दारात तिने कोपर पुढे केला. मी धरला नाही. तोऱ्यात एकटी चालत गेले आणि वॉचमनच्या खुर्चीला अडखळून तुळशीच्या कुंडीसकट आडवी झाले. मला उठवायला वॉचमन धावला. ती जागची हलली नसावी, कारण तिची पावलं मला ऐकू आली नाहीत.

तीन आठवडे ती आली नाही आणि मीही फोन केला नाही. सुधीरने एकदा बोंबलाची आठवण काढली, तर मी त्याच्यावर ओरडले. मग एका दुपारी लिफ्टचं दार उघडलं आणि चटणीचा वास आला. ती बसली. डब्याचं झाकण लावत-काढत राहिली. मग तिने मला अनिकेतची गोष्ट सांगितली.

अनिकेत रोडपालीचा, जन्मापासून अंध, तेव्हा बारावीला. हर्षाली अकरावीत होती. त्याचा रायटर आला नाही म्हणून कॉलेजात धावपळ चालली होती आणि ही सहज तिथे उभी होती. हिने लिहिते म्हटलं. पेपरात तो दोन ठिकाणी चुकला. हिला दया आली, हिने दोन्ही उत्तरं बरोबर करून लिहिली. निकाल लागल्यावर त्याने घरी बसून हिशेब मांडला, आपण काय सांगितलं होतं आणि गुण किती मिळाले. मग फोन करून विचारलं, तू बदललंस का? ही मोठ्या आनंदाने हो म्हणाली. शाबासकीच मिळेल असं तिला वाटलं होतं. तो म्हणाला, आता त्यातलं माझं कुठलं आणि तुझं कुठलं हे मला कसं कळणार? थँक्यू म्हणाला आणि त्यानंतर त्याने हिला कधी बोलावलं नाही.

"त्याची चूक होती बाई, मी ती त्याच्याकडून काढून घेतली. मंग त्याचा बरोबर पन त्याचा राहिला नाय." झाकण एकदाचं बसलं. "तुमची चूक मी कशी काढून घेऊ? तुमी तर बाई हाव."

मी उठले आणि चहा टाकला. चहाचा डबा जागेवरच होता.

निकाल लागला. सहा गुणांनी नापास. अधीक्षकबाईंना फोनवर सांगायचं धैर्य होईना, म्हणून समक्ष गेले. हर्षाली बरोबर होती, कोपर देऊन ती बाहेर व्हरांड्यात थांबली. आत जेवणघरात मुली बसल्या होत्या. नवी बाई आली म्हणून भोवती जमल्या. मी सांगून टाकलं की मी काही तुमची बाई होत नाही, मी नापास झाले. सालबाईच्या जागी वसई सांगितलं. एक हसली, मग सगळ्या हसल्या, मीही हसले. त्यांत तेजश्री नावाची दहावीतली मुलगी होती. तिने विचारलं, रायटरला उत्तर माहीत नव्हतं का?

मी म्हटलं, तिला माहीत होतं.

"तरी तिने तुम्ही बोललात तेच लिहिलं?"

"तेच लिहिलं."

मग तेजश्री हळू आवाजात म्हणाली, "बाई, मला ती मिळेल का? मला नववीला ब्याऐंशी टक्के पडले, तर सगळे म्हणाले, रायटरने लिहिले असतील."

अधीक्षकबाई माझ्यामागे केव्हा येऊन उभ्या राहिल्या कोण जाणे. त्या म्हणाल्या, जागेचं मी समितीशी बोलते, तुमचा दुसरा निकाल लागेपर्यंत तात्पुरतं म्हणून का होईना, उद्यापासून या. आणि ते नापासाचं गुणपत्रक आणा, मुलींना त्याबद्दल सांगा. गुणपत्रकाचं इतकं कौतुक मी पास झालेल्या मुलांचंही कधी केलं नव्हतं. मी व्हरांड्यात आले, कोपर शोधला आणि घट्ट धरला. मी तिची माफी मागितली. तशी मी आयुष्यात फार कमी लोकांची मागितली आहे. ती म्हणाली, बाई, पुढं एक पायरी हाय.

हिवाळ्यात मी तो पेपर पुन्हा दिला. हर्षाली एव्हाना पदवीधर झाली होती, रायटरच्या नियमात बसेना, म्हणून तिने प्रणयला पाठवलं. उत्तर संपलं की तो घोगऱ्या आवाजात विचारायचा, प्रश्न परत वाचू का? प्रत्येक वेळी मी म्हटलं, वाच बाबा. पास झाले. आता ती नोकरी माझी आहे, कायमची. तेजश्रीची दहावी ओव्याच्या एका पोरीने लिहिली. त्यात तेजश्रीला अठ्ठ्याहत्तर टक्के मिळाले, आणि ते चार टक्क्यांनी कमी झालेले गुण ती ज्या अभिमानाने सांगते, तो ऐकण्यासारखा असतो.

गेल्या जूनमध्ये हर्षाली अंध मुलांना शिकवण्याचं प्रशिक्षण घ्यायला नाशिकला गेली. जाण्याआधीच्या रविवारी तिने मला समाजमंदिरात बोलावलं. म्हणाली, आज वाक्यं तुम्ही सांगायची. फुटकी पायरी आता दुरुस्त झाली होती, तरी तिने सवयीने सांगितलीच. सतरंजीवर नवीन पोरं होती, माझ्याच वसतिगृहातल्या तेजश्रीसकट चारपाच जणी ऐकायला आल्या होत्या. मी घसा साफ केला आणि शाळेतल्या आवाजात सांगितलं, "सालबाईचा तह दुसऱ्या बाजीरावाने वसईला केला."

वीसेक पेनं कागदावर चालू लागली. तो आवाज मला फार आवडतो. त्यात माझ्या उजवीकडचं एक पेन मध्येच थांबलं. कुणीतरी नवी मुलगी असणार, अभ्यासू असणार, आणि उत्तर तिला येत असणार. ती कुजबुजली, पण बाईंचं चुकलंय.

भिंतीपाशी उभी असलेली हर्षाली तिच्याजवळ गेली. तिची पावलं मला ओळखू येतात. ती खाली बसली, आणि अगदी त्याच चढउतार नसलेल्या आवाजात म्हणाली,

"लिव. चूक बाईंची हाय. बाईंचीच राहू दे."

पेन पुन्हा चालू लागलं.